तिसरा पाळणा

कोल्हापुरात राहून ‘चालतंय की’ या दोन शब्दांविरुद्ध लिहायचं म्हणजे तांबड्या रश्श्याविरुद्ध मोर्चा काढण्यासारखं आहे. मोर्चात मी एकटाच असणार आणि माझ्या मागून चालणारा एकमेव माणूस पोलीस असणार, याची मला पूर्ण कल्पना आहे. मध्यंतरी एका मालिकेतल्या पैलवानाने हे दोन शब्द महाराष्ट्रभर पोचवले आणि पुण्या-मुंबईचे लोकही ते शर्टावर छापून हिंडू लागले. पूर्वी ही आमची नुसती सवय होती, आता ती संस्कृती झाली. आणि एकदा का एखादी गोष्ट संस्कृती झाली, की तिच्याविरुद्ध बोलणाऱ्याला लोक आधी त्याचं मूळ गाव विचारतात. माझं मूळ गाव कोल्हापूरच आहे. तरीही मी बोलणार आहे. कारण या दोन शब्दांनी माझ्या घरातल्या एका लाकडाला साडेतीन इंचांची जखम केली आहे, आणि ती भरून काढण्यात माझे तीन रविवार गेले आहेत.

मी बँकेत कारकून आहे. २०२४ च्या करारापासून आम्हाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणायचं ठरलं आहे, पण काउंटरपलीकडचा माणूस अजून ‘ओ साहेब’ म्हणतो, आणि रांग वाढली की नुसतंच ‘ओ’ म्हणतो. तर सांगायचा मुद्दा हा, की बँकेत ‘चालतंय की’ चालत नाही. संध्याकाळी रोकड मोजताना दहा रुपये कमी आले, तर ‘दहाच आहेत, चालतंय की’ असं म्हणून कुणी घरी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. ते दहा रुपये शोधायचे, नाहीतर खिशातून भरायचे. बी. कॉम.च्या तीन वर्षांत आम्हाला एकच गोष्ट शिकवली : दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. बाकीचं जे शिकवलं ते त्याच दिवशी परत केलं.

आणि हाच मनुष्य घरी येतो तेव्हा काय होतं? आमच्या न्हाणीघराची कडी गेली नऊ वर्षं लागत नाही. आत जाणारा माणूस गाणं म्हणतो आणि बाहेरचा ते ऐकून थांबतो. चालतंय की. कुकरचा दांडा सुतळीने बांधलेला आहे. चालतंय की. स्कूटर डावीकडे कलवल्याशिवाय सुरू होत नाही, त्यामुळे आमच्या घराण्यात ती कुणी उसनी मागत नाही. फारच चालतंय! जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली पोस्टकार्डाची घडी आहे. त्या पोस्टकार्डावर माझ्या लग्न ठरल्याचा मजकूर आहे. म्हणजे वाचकहो, हिशेब करा.

आता यात बंदूक कुठून आली ते सांगतो.

कोल्हापूर म्हटलं की लोकांना पैलवान आठवतो, चप्पल आठवते, गूळ आठवतो. पण गेल्या काही वर्षांत या गावाने नेमबाजीत जे काही केलं आहे, ते पाहिलं तर शहराच्या वेशीवर गदेच्या जोडीने एक रायफलही लावायला हरकत नाही. आमच्या गावची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन रायफलमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझपदक मिळवलं. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. ही बातमी आली त्या दिवशी आमच्या बँकेतल्या समस्त कारकून वर्गाने दुपारी डबा खाताना छाती थोडी पुढे काढली होती. तिकीट तपासणारा ऑलिम्पिक पदक आणू शकतो, तर पासबुक छापणारा का नाही, असा एकूण सूर होता. दुपारी अडीचला काउंटर सुरू झाल्यावर तो सूर मावळला.

माझ्यातला मावळला, पण माझ्या लेकीतला मावळला नाही. ती तेव्हा आठवीत होती. तिने जाहीर केलं, की आपण रेंजवर जाणार. गेली. प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी तिला दोन्ही हात लांब करून बोटांच्या चौकटीतून भिंतीवरचा ठिपका बघायला लावला, मग एकेक डोळा मिटायला लावला, आणि मला बोलावून म्हणाले, “हिचा डोळाही डावा आणि हातही डावा. डाव्या खांद्यावरून शिकवूया.”

डोळ्याचंही डावं-उजवं असतं हे मला त्या दिवशी कळलं. हाताचं मात्र माहीत होतं. चांगलंच माहीत होतं.

मी जन्मतः डावरा. पहिलीत असताना आमच्या बाईंनी माझ्या डाव्या हातावर लाकडी पट्टीचे जे प्रयोग केले, त्यांच्यामुळे मी उजव्या हाताने लिहायला लागलो. आता मी उजव्या हाताने वाईट लिहितो आणि डाव्या हाताने बाकी सगळं वाईट करतो. बाईंचाही फार दोष नाही. मुळात आपल्या भाषेनेच आधी निकाल लावून ठेवलेला आहे. एखाद्याला बाजूला सारायचं असेल तर आपण त्याला ‘डावलतो’. पक्षपात केला की ‘डावं-उजवं’ करतो. एखादा दुसऱ्यापेक्षा सरस ठरला की तो ‘उजवा’. डाव्या हाताने प्रसाद घ्यायचा नाही, डाव्या हाताने पैसे द्यायचे नाहीत, डाव्या हाताने वाढायचं नाही. ज्या हाताला माणसाचं निम्मं शरीर जोडलेलं आहे, त्याला आपण एकच काम ठेवलं आहे, आणि तेही न्हाणीघराशेजारचं.

तेव्हा लेकीच्या बाबतीत मी ठरवलं, की हिला कुणी डावलायचं नाही.

मी रेंजवरच्या एका जुन्या मुलाची छर्ऱ्याची रायफल विकत घेतली. छर्ऱ्याची म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी, ४.५ मिलिमीटरची. (२० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या अशा बंदुकीला परवाना लागत नाही. हे मी आमच्या सोसायटीत एकवीस वेळा सांगितलं आहे. बावीसावी वेळ ही.) रायफल चांगली होती. पण तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा तो लाकडी भाग, उजव्या माणसाचा होता. उजवा नेमबाज आपला उजवा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकवतो, म्हणून त्या अंगाला लाकडाचा सुबक फुगवटा दिलेला असतो. माझ्या लेकीचा गाल टेकणार उजव्या अंगाला. तिथे फुगवटा नाही, नुसता उतार. गाल घसरायचा, मान वाकडी व्हायची, आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी यायचा. दहा मीटरवरच्या त्या निशाणीवर दहा गुणांचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटरचा! आमच्या पासबुकावरचा पूर्णविराम त्याच्याहून मोठा उमटतो.

मी हे चार जाणत्या माणसांना सांगितलं. चौघांनीही एकच उत्तर दिलं. ते कोणतं, हे आता तुम्हाला सांगायला नको. “चालतंय की. पोरीला सवय हुईल.”

इथे माझं डोकं फिरलं. सवय कुणाला होईल? लाकडाला नाही, पोरीला! हेच तर मला पट्टीने सांगितलं होतं. माझं या ‘चालतंय की’शी भांडण आहे ते हेच. पाहुण्याने सतरंजीवर चहा सांडला, तर ‘चालतंय की’ म्हणावं. सून भाकरी वाकडी थापते, चालतंय की. पोरगा गणितात कच्चा आहे पण पेटी छान वाजवतो, चालतंय की. माणसाच्या बाबतीत हे दोन शब्द म्हणजे अमृत आहे. पण आपण तिथे ते वापरतो का? तिथे आपण म्हणतो, “हे आपल्याकडे चालणार नाही.” आणि कडी लागत नाही, दांडा हलतो, दस्ता उलटा आहे, तिथे मात्र आपलं काळीज समुद्राएवढं होतं. वाकड्या वस्तूला आपण सांभाळून घेतो आणि वाकड्या माणसाला पट्टी मारतो. आमच्या पेढीच्या भाषेत सांगायचं तर नावेची रक्कम जमेला आणि जमेची नावे लिहिलेली आहे. बेरीज जुळते, म्हणून ही चूक आजवर कुणाला सापडली नाही.

झालं! मी ठरवलं, की दस्त्यालाच डावा करायचा.

दस्ता घेऊन उद्यमनगरात गेलो. (नळी आणि यंत्र स्क्रू काढून कपाटात कुलूपबंद. दस्ता म्हणजे नुसतं लाकूड, हेही सोसायटीसाठी.) तिथे माझ्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री आहेत. नमुने करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी दस्ता हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि विचारलं, “साहेब, फुगवटा चिकटवणं काय अवघड न्हाई. पण ह्ये धरायचं कशात?”

मी म्हटलं, “शेगड्यात.” म्हणजे बाकड्याला बसवलेला तो लोखंडी जबडा; कारखान्यात त्याला ‘वाईस’ म्हणतात.

मिस्त्रींनी माझ्याकडे पासबुकात शिल्लक नसलेल्या माणसाकडे आम्ही बघतो तसं बघितलं. “ह्यात सरळ बाजू दाखवा एक.”

मी शोधली. नव्हती. दस्ता मुठीशी बारीक, खांद्याशी रुंद, पुढे निमुळता, आणि मध्ये यंत्र बसवायला पोखरलेला. शेगड्याचे दोन्ही जबडे सपाट. ते गोल लाकडाला दोनच ठिकाणी चावणार. सैल धरलं तर लाकूड फिरणार, घट्ट धरलं तर पोखरलेल्या जागच्या पातळ भिंती तडकणार. “लाकूडकामात निम्मं काम धरायचंच असतंय,” मिस्त्री म्हणाले. “सरळ मालाला शेगडा आन् वाकड्या मालाला पाळणा. आधी याला पाळणा करा घरी. मग या.”

हा उपदेश मला इतका आवडला, की मी ‘मग या’ हा भाग ऐकलाच नाही. सगळंच घरी करायचं ठरवलं.

पहिला पाळणा मी एका रविवारी दुपारी दीड ते तीन एवढ्या वेळात केला. फ्रिजच्या खोक्यातली फळी खाली, तिच्यावर प्लायवूडच्या दोन उभ्या पट्ट्या, पट्ट्यांना वरून इंग्रजी ‘व्ही’सारख्या खाचा, आणि खिळे. खाचांत दस्ता ठेवला. तो डुगडुगला. एक पट्टी तिरकी होती. मी दोन पावलं मागे सरून डोळे बारीक करून बघितलं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “चालतंय की!”

दोन दोष झाले. पहिला असा, की प्लायवूडच्या धारेने दस्त्याला खालून दोन वळ उठवले. हा दोष निस्तरता येतो. लाकूड नुसतं दबलेलं असेल, तंतू तुटले नसतील, तर त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवायची. वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं. आले वर! मी इतका हरखलो, की इस्त्री तशीच आमच्या हिच्या साडीवर ठेवली. तिथे तंतू तुटले. त्यावर उपाय नाही.

दुसरा दोष खरा. फुगवट्यासाठी शिसवीचा तुकडा उजव्या अंगाला चिकटवला होता, आणि तो कानशीने आकारात आणत होतो. पाळणा डुगडुगला, दस्ता अंगठाभर फिरला, आणि कानस शिसवीवरून सुटून थेट दस्त्याच्या अंगावर गेली. साडेतीन इंच! लेक शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही. तिने नुसतं त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. डाव्या हाताचं. बाईंची पट्टी परवडली.

“विकत मिळत असेल की असलं काहीतरी,” आमची ही म्हणाली. मिळतं. मी बघितलं. पण ते प्लास्टिकचे स्टँड नळी पुसायला ठीक. त्यावर कानस चालवली तर स्टँड, दस्ता आणि कारकून तिघेही खाली येतील.

दुसरा पाळणा मी दोन रविवार घेऊन केला. खिळ्यांऐवजी स्क्रू आणि फेविकॉल. गुण्या लावून पट्ट्या काटकोनात. पाळणा बाल्कनीभर चालत सुटू नये म्हणून तळाला वजन पाहिजे होतं; त्यासाठी मिक्सर आल्यापासून बेकार बसलेला पाटा वापरला. वरवंट्याला अजून काम मिळालेलं नाही. आणि खाचांना आतून सायकलची ट्यूब कापून लावली. पकड अशी बसली, की म्हटलं आता बास!

आठवड्याने दस्ता उचलला, तर जिथे जिथे ट्यूब टेकली होती तिथे तिथे काळे पट्टे. रबराचा काळा रंग तेलकट लाकडात उतरला होता. शिवाय नवीनच एक गोष्ट लक्षात आली. दोन खाचांमधलं अंतर कायमचं ठरून गेलेलं. गालाजवळ काम करायचं तर मागची खाच नेमकी आडवी यायची. ती पुढे सरकवता आली पाहिजे होती, मागे नेता आली पाहिजे होती. म्हणजे पाळणा लांबवता आला पाहिजे होता.

आणि इथेच घात झाला. जेवणाच्या सुट्टीत मी मिस्त्रींना बँकेतून फोन लावला. गर्दी होती, म्हणून जरा मोठ्याने बोललो : “नाही हो मिस्त्री, दुसरा बिघडला. आता तिसरा करणार! पण या खेपेला पाळणा लांबवायचाय, ते कसं करायचं तेवढं सांगा!”

‘पाळणा लांबवा’ हे वाक्य मी लहानपणी सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर वाचलेलं आहे. माझ्या वयाच्या सगळ्यांनीच वाचलेलं आहे. काउंटरवरचं कामकाज क्षणभर थांबलं. रोखपालांनी चष्मा वर केला.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच संध्याकाळी आमची ही म्हणाली, “अहो, लाकूड कशाला आणताय? माळ्यावर पाळणा आहे की लेकीचा. सागाचा आहे. तेरा वर्षं झाली, उगाच धूळ खातोय.” मला जरा कसंतरी झालं. पण तीच पुढे म्हणाली, “तिच्याच कामाला येतोय ना?” मग मी तो खाली काढला आणि झाडून पुसून गॅलरीत उन्हात ठेवला. समोरच्या काकूंनी तो बघितला. रात्री आठपर्यंत खालच्या मजल्यावरच्या दोघीजणी, वरच्या मजल्यावरची एक, आणि रोखपालांच्या पत्नी फोनवरून, अशा चौघींनी हिचं अभिनंदन केलं. काकू तर डिंकाचे लाडू घेऊन आल्या. “या वयात जरा जपून गं,” म्हणाल्या. हिने लाडू ठेवून घेतले आणि खुलासा दुसऱ्या दिवशी केला. व्यवहार मला वाटतं तिलाच जास्त कळतो.

तिसऱ्या पाळण्याला पाच रविवार लागले. त्याची रचना सांगतो, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तळाला सागाच्या दोन जाड पट्ट्या, मध्ये बोटभर फट ठेवून. पुढची घोडी पक्की. मागच्या घोडीला खालून बोल्ट, तो फटीतून खाली आलेला, आणि त्याला पंखांचा नट. नट सैल केला की घोडी हवी तिथे सरकते, पिळला की रुतून बसते. लांबला पाळणा! दोन्ही घोड्यांच्या खाचा ‘व्ही’सारख्या नाहीत, कागदावर दस्त्याचा आकार उतरवून घेऊन तशाच कोरल्या. पुढची अरुंद, मागची रुंद. आतून चामडं.

चामड्यासाठी मी चप्पल लाइनीत गेलो. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं, हे मला तिथल्या मामांनी सांगितलं. चपलेला पुरतील तेवढे तुकडे कापून उरलेल्या पट्ट्या त्यांनी मला दिल्या. “रंग दिलेलं घेऊ नका, डाग पडंल. आन् खरबरीत बाजू वर ठेवा, धरून ऱ्हातंय.” पैसे विचारले तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, चालतंय की.” हे ‘चालतंय की’ मला मान्य आहे. ते माणसाशी होतं.

शेवटची सुधारणा मिस्त्रींची. ते स्वतः बघायला आले. पाळणा बघून ‘ठीक’ म्हणाले, जे त्यांच्याकडून पद्मश्रीसारखं असतं. मग विचारलं, “पट्टा कशाला एवढा आवळलाय?” दस्ता हलू नये म्हणून मी वरून चामड्याचा पट्टा करकचून बांधला होता. ते म्हणाले, “साहेब, कानस पुढं ढकलतानाच कापती. म्हंजे माल पुढंच पळणार. तिथं एक ठोकळा लावा, त्याला टेकू द्या. आवळायचं न्हाई, अडवायचं.” एक ठोकळा लावला. पट्टा सैल केला. दस्ता तसूभर हलला नाही.

आवळायचं नाही, अडवायचं. बी. कॉम.ला हे नव्हतं. आमच्या पहिलीच्या बाईंनाही कुणी सांगितलं नसावं.

मग काम सरळ झालं. आधी कानस, मग पॉलिश पेपर ऐंशी नंबर, एकशेवीस, दोनशेवीस, शेवटी चारशे. काळे पट्टे गेले. साडेतीन इंचांचा ओरखडाही गेला, पण त्यासाठी ते अख्खं अंग कागदाएवढं बारीक उतरवावं लागलं. मग जवसाचं पक्कं तेल. एका वेळी अगदी थोडं, हाताच्या पंजाने चोळून, दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळू द्यायचं, मग पुन्हा. असे सात हात. एक सांगून ठेवतो : या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. त्या वाळताना आतून तापतात आणि आपोआप पेटूही शकतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा. तिथे ‘चालतंय की’ म्हणालात तर पुढचा फोन अग्निशमन दलाला.

एकंदर आठ रविवार पाळण्यात गेले, आणि दस्त्याचं काम झालं तीन रविवारांत. लोक हसतात. म्हणतात, साध्या लाकडाच्या आधाराला एवढा खटाटोप? त्यांना माझं उत्तर असं आहे, की पहिला पाळणा दीड तासात झाला होता आणि त्याची किंमत साडेतीन इंच होती. वस्तू एकदा करणं सोपं आहे. ते आपल्या लोकांना छान जमतं. नारळ फोडतो, हार घालतो, फोटो काढतो. अवघड आहे ते दुसऱ्यांदा करणं. कारण त्यासाठी आधी ‘पहिलं चुकलं’ असं म्हणावं लागतं, आणि ते स्वतःला म्हणावं लागतं. ‘चालतंय की’ हे दोन शब्द नेमके तेवढं म्हणण्यापासून आपली सुटका करतात. म्हणून ते इतके गोड लागतात.

पाळणा झाल्यापासून आमच्या घरात थोडी पडझड झाली आहे. कुकरला नवा दांडा आला. न्हाणीघराला कडी आली, त्यामुळे गाणं बंद पडलं. स्कूटर सरळ उभ्याने सुरू होते, आणि परवाच मेहुणा ती उसनी घेऊन गेला. सुधारणेचेही तोटे असतात. टेबलाखालचं पोस्टकार्ड मात्र मी काढलं नाही. हिने काढू दिलं नाही. त्या एका बाबतीत, ती म्हणते, चालतंय.

गेल्या रविवारी लेकीला दस्ता जोडून दिला. ती रेंजवर गेली, आम्ही दोघेही मागे बाकावर जाऊन बसलो. तिने रायफल डाव्या खांद्याला लावली, गाल टेकवला. मान सरळ होती. पहिल्यांदाच सरळ होती. दहा छर्रे मारले. मी निशाणीकडे बघितलंच नाही, तिच्या मानेकडेच बघत होतो. ती उठली, आमच्याजवळ आली.

“कसा वाटतोय?” मी विचारलं.

“मस्त आहे, बाबा. गाल बरोबर बसतोय.” मग दस्त्यावरून बोट फिरवत जरा विचार करून म्हणाली, “फक्त इथे मागच्या बाजूला दोन मिलिमीटर कमी करायला पाहिजे. टोचतंय थोडं.”

दोन मिलिमीटर! आठ आणि तीन, अकरा रविवार! सात हात तेल! माझ्या तोंडातून जन्मजात सवयीने शब्द निघालाच, “चा…”

आमच्या हिने नुसती मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“…चहा घेऊया म्हटलं,” मी म्हणालो. “आणि मग घरी जाऊन पाळणा काढूया.”